उतारावरची सायकल : लाघव आणि दार्ढ्य

व्याकरणशास्त्राचें अध्ययन ज्यांनीं जुन्या पद्धतीनें केलें आहे त्यांस हें ठाऊकच असेल कीं, सूत्रांतील अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माइतका आनंद होतो, असें शास्त्रीमंडळी मोठ्या कौतुकानें सांगत असत. परंतु त्याच मंडळींचा दुसराही एक दंडक असे. मात्रा वांचवितांना जर अर्थ संदिग्ध झाला, तर तें लाघव नव्हे. तो दोष होय. जेवढें अवश्य तेवढें राखून अनवश्यक तेवढेंच टाकणें, याचें नांव लाघव. हा विवेक व्याकरणापुरताच आहे असें नाहीं. आपल्या पडवींत भिंतीस टेकून उभी असलेली जी सायकल, तिच्या फ्रेमलाही तो तंतोतंत लागू पडतो. आणि तेथें तो चुकला तर अर्थाचा अनर्थ होऊन थांबत नाहीं, मुलाचा हातपाय मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

घाटावर आणि घाटाखालीं

बुलढाणा जिल्ह्यांतील दोन अनोळखी गृहस्थ भेटले म्हणजे गांवाचें नांव विचारण्याच्या आधीं पुष्कळदां "घाटावरचे कीं घाटाखालचे?" असा प्रश्न निघतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें आमच्या जिल्ह्याचे असे दोन भागच पाडले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा, सिंदखेड राजा हे तालुके वरच्या अंगास. आणि मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्याकडील तालुके खालच्या अंगास. मोताळा पायथ्याशीं. खुद्द बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंचीवर आहे. त्यामुळें विदर्भांत असूनही तेथील हवा थंड. तेथून मोताळ्यावरून मलकापुरास जावयाचें तर राजूर घाट उतरावा लागतो, आणि खामगांवास जावयाचें तर ज्ञानगंगा अभयारण्याच्या झाडींतून बोथ्याचा घाट.

या घाटांतील रस्ता डांबरी असला तरी त्याच्या कडेची भूमि म्हणजे काळा कातळ आणि त्यावर पसरलेला मुरूम. पहिल्या पावसाबरोबर लहान-मोठे गोटे रस्त्यावर उतरतात. मुरुमावर चाक ठरत नाहीं. सुपारीएवढा खडा टायरखालून निसटला कीं सायकल आडवी. पूर्वीच्या काळीं घाट उतरणारा मनुष्य बहुधा कामासाठीं उतरे, आणि उतार तीव्र झाला कीं खालीं उतरून सायकल हातीं धरून चाले. अलीकडे तरुण मुलें रुंद टायरांच्या, गिअरच्या, पुढें शॉकॲबसॉर्बर बसविलेल्या सायकली घेऊन सुटीच्या दिवशीं केवळ उतरण्याच्या आनंदासाठीं घाटांत जातात. व्यायाम होतो, मोकळी हवा मिळते, डोंगर पायाखालीं येतो. यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु ती सायकल त्या कामासाठीं घडविलेली आहे काय, हा प्रश्न आईबापांनीं विचारावयास हवा. आणि तो विचारावयाचा तर फ्रेम म्हणजे काय वस्तु आहे हें थोडें समजून घ्यावें लागेल.

त्रिकोणाचें सामर्थ्य

१८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें "रोव्हर" नांवाची सायकल विकावयास काढली. त्यापूर्वीं पुढचें चाक मनुष्याच्या छातीएवढें आणि मागचें वितभर, असें तें विचित्र वाहन असे. स्टार्लीनें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं केलीं आणि मागच्या चाकास साखळीनें गति दिली. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यानें हवेचा टायर काढला. पुढील थोड्याच वर्षांत फ्रेमला जो आकार आला तो आज सव्वाशें वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. बाजूनें पाहिल्यास ती चौकोनी दिसते. परंतु सीटखालची उभी नळी त्या चौकोनास मधोमध छेदते व दोन त्रिकोण होतात. मागचा त्रिकोण तर पुरा. पुढच्यास मात्र हॅंडलची आखूड नळी हा एक चिमुकला चौथा भुज असतो.

शाळेंत भूमितीचा तास घेतांना मी मुलांस बांबूच्या कामट्या आणावयास सांगत असें. चार कामट्या टोकांशीं सैल बांधून चौकोन केला तर तो बोटानें ढकलतांच कलतो आणि कर्णाच्या दिशेनें चपटा होतो. तीन कामट्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी कामटी मोडेपर्यंत आपला आकार सोडीत नाहीं. कारण तीन भुजांच्या लांब्या ठरल्या कीं तिन्ही कोन आपोआप ठरतात. घराच्या छपराच्या कैच्या, रेल्वेचे लोखंडी पूल आणि सायकलची फ्रेम हीं तिन्ही या एकाच सिद्धान्तावर उभीं आहेत. ज्या मोकळ्या जागेंतून पाय घालून आपण सर्वजण दांडीखालून "हाफ पायडल" मारावयास शिकलों, ती जागा म्हणजे भूमितींतील एक सिद्धान्तच होय!

दोन त्रिकोणांचा हा बांधा सीटवरचें वजन उत्तम प्रकारें झेलतो. परंतु तो पुढचा चिमुकला भुज, म्हणजे ज्या आखूड नळींतून चिमटा फिरतो ती नळी, हें या बांध्याचें मर्मस्थान आहे. सपाट रस्त्यावर वजनाचा मोठा भाग मागच्या चाकावर असतो. उतारावर तें वजन पुढें सरकतें. ब्रेक दाबला कीं आणखी पुढें येतें. आणि पुढचें चाक दगडावर आदळलें म्हणजे चिमटा एखाद्या लांब पहारीसारखा त्या आखूड नळीस मागें ओढूं पाहतो. पहार जितकी लांब तितका तिचा जोर अधिक. म्हणून घाटांत मोडणारी फ्रेम बहुधा मधोमध मोडत नाहीं. ती हॅंडलपाशीं, वरची दांडी व खालची तिरपी नळी जेथें पुढच्या नळीस मिळतात तेथें मोडते.

एका डोंगरावरील शर्यत

केवळ उतरण्यासाठीं सायकल, ही कल्पना फार जुनी नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नांवाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखाच एक भाग आहे. तेथील कांहीं हुन्नरी तरुण १९७० नंतरच्या दशकांत भंगारांत पडलेल्या जुन्या, जाडजूड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरूं लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं तेथें पहिली शर्यत लावली. वाट कच्ची, सुमारें साडेतीन किलोमीटरांची, आणि तेवढ्यांत उतार जवळजवळ चारशें मीटरांचा. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे. पेडल उलटें दाबलें कीं तो लागे. तळाशीं पोहोंचेपर्यंत हब इतका तापे कीं आंतील ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि पुनः उतरण्यापूर्वीं नवें ग्रीस भरावें लागे. यावरूनच त्या वाटेस "रीपॅक", म्हणजे पुनः भरणें, हें नांव पडलें.

येथें एक गणित करून पाहण्यासारखें आहे. सायकल व स्वार मिळून ऐंशीं किलो आणि उतार तीनशें मीटर धरला, तर वर असतांना त्यांच्याजवळ जी शक्ति सांठलेली असते ती खालीं येईपर्यंत कोठें तरी खर्च व्हावयास पाहिजे. कांहीं भाग वाऱ्याच्या विरोधांत जातो. उरलेल्याचें ब्रेकमध्यें उष्णतेंत रूपांतर होतें. सबंध शक्ति उष्णतेंत गेली असें मानल्यास पाऊण लिटर पाणी उकळीस येईल इतकी ती भरते. म्हणजे घाट उतरणारा मनुष्य चारसहा पेले चहाचें आधण ब्रेकच्या दोन रबरांवर ठेवीत असतो! रबर मऊ पडणें, ब्रेक न लागणें, हे प्रकार कां होतात तें यावरून सहज उमगेल.

मरीनच्या तरुणांनीं मुद्दाम जुन्या सायकली कां निवडल्या, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्या काळच्या शर्यतीच्या सायकली हलक्या व चपळ होत्या. परंतु त्यांचा चिमटा जवळजवळ उभा, चाकें एकमेकांजवळ, टायर बोटाएवढे. जुन्या सायकलींचा चिमटा पुढें झुकलेला, दोन चाकांत अंतर पुष्कळ, टायर रुंद. उतारावर चिमटा झुकलेला असला म्हणजे पुढचें चाक स्वाराच्या बरेंच पुढें राहतें. दगड लागला तरी स्वार हॅंडलवरून पुढें फेंकला जाण्याचा संभव कमी, आणि वेगांत सायकल सरळ रेषा सोडीत नाहीं. मात्र त्या जुन्या फ्रेमी मोडत. तेव्हां त्यांच्यापैकीं जो ब्रीझ यानें १९७७ सालीं क्रोमियम व मॉलिब्डेनम हे धातु मिसळलेल्या पोलादाच्या नळ्या आणून खास डोंगरासाठीं नवी फ्रेम घडविली. तेथून हा प्रकार वाढत गेला. १९९० सालीं कोलोरॅडो प्रांतांतील डुरॅंगो येथें डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि तींत उतरण्याची शर्यतही होती. आज रस्त्याच्या शर्यतीच्या सायकलीचा चिमटा जमिनीशीं सुमारें ७३ अंशांचा कोन करतो, तर उतरण्याच्या सायकलीचा ६२ ते ६४ अंशांचा. आपल्या काळ्या देशी सायकलीचा चिमटाही शर्यतीच्या सायकलीपेक्षां बराच झुकलेला असतो. ज्यांनीं तिची बांधणी ठरविली त्यांच्यापुढें खराब रस्तेच होते, हें त्याचें कारण.

नळी, जाडी आणि धातु

आतां वजनाकडे वळूं. आपली साधी काळी सायकल सुमारें वीस किलोंची. रस्त्याच्या शर्यतींत आंतरराष्ट्रीय नियमानें ६.८ किलोंहून हलकी सायकल चालत नाहीं. अर्थात् त्या सायकली या मर्यादेच्या आसपासच असतात. मग जगांतील उत्तमोत्तम उतरणारे जीवर बसून स्पर्धा जिंकतात ती सायकल किती किलोंची असावी? तर साधारण १५ ते १७ किलोंची! किंमत कांहीं लाख रुपये, धातु व कारागिरी अव्वल दर्जाची, आणि तरीही वजन आपल्या दूधवाल्याच्या सायकलीपेक्षां तीनचार किलोच कमी. इतकेंच नव्हे, तर अलीकडे जागतिक शर्यतींत कांहीं खेळाडूंनीं फ्रेमच्या तळाशीं मुद्दाम वजनें बसवून उतरण्याचे प्रयोग केले. कारण वजन खालीं असलें म्हणजे सायकल खडकावर उसळत नाहीं. लाघव हें सर्वत्र सारखेंच भूषण नव्हे, याचें याहून उत्तम उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

तरीही कारागिरांनीं वजनाशीं जो झगडा केला तो मनोरंजक आहे. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड रेनॉल्ड्स यानें १८९७ सालीं एका नळीचें पेटंट घेतलें. तिची जाडी दोन्ही टोकांस अधिक आणि मध्यें कमी. ताण जेथें जोड असतो तेथें अधिक, मध्यें कमी; मग मध्यें धातु फुकट कां भरावा? हें खरें सूत्रकाराचें लाघव!

दुसरी युक्ति नळी जाड न करतां रुंद करण्याची. समजा, एका नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्र्याची जाडी निम्मी केली. धातु तेवढाच लागला, वजन तेंच राहिलें. परंतु ती नळी वाकविण्यास आतां चौपट जोर लागतो. याच कारणास्तव सृष्टिकर्त्यानें बांबू पोकळ केला व पक्ष्याचें हाड पोकळ केलें. मात्र या युक्तीस मर्यादा आहे. पत्रा फारच पातळ झाला तर नळी वांकत नाहीं, पण तेलाच्या रिकाम्या डब्यासारखी चेपते. एखादा धोंडा उडून लागला कीं खोंच पडते, आणि तेथूनच तिचा नाश सुरू होतो.

धातूंविषयींही लोकांत पुष्कळ भ्रम आहे. एक घन सेंटिमीटर पोलादाचें वजन सुमारें ७.८५ ग्रॅम, टायटॅनियमचें ४.५, ॲल्युमिनियमचें २.७, आणि राळेंत बसविलेल्या कार्बनच्या तंतूंचें सुमारें १.६ ग्रॅम. हें पाहून मनुष्य म्हणतो, ॲल्युमिनियम पोलादाच्या एकतृतीयांश वजनाचें. तेव्हां तेंच घ्यावें. परंतु ताणास न वांकण्याचा त्याचा गुणही पोलादाच्या सुमारें एकतृतीयांशच आहे, आणि टायटॅनियमचा सुमारें निम्मा. भागाकार करून पाहिला तर या तिन्ही धातूंची वजनागणिक ताठरता जवळजवळ सारखीच निघते! मग ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी होते ती कशी? तर त्याची नळी रुंद करतां येते आणि तरी पत्रा चेपण्याइतका पातळ होत नाहीं, म्हणून. सबंध चमत्कार आकाराचा आहे, धातूचा नव्हे. कार्बनची गोष्ट वेगळी. त्याचे तंतु ज्या दिशेस ताण त्या दिशेस मांडतां येतात, आणि म्हणून तो सर्वांत हलका व ताठर. परंतु त्याचा घाव आंत दडून राहतो, वरून रंग जसाच्या तसा दिसतो.

धातूचा थकवा

येथपर्यंत बळाचा विचार झाला. परंतु टिकाऊपणा ही बळाहून निराळी वस्तु आहे. तार एकदां वांकवून ती तुटत नाहीं. तीच पुढें-मागें वीसपंचवीस वेळां वांकविली कीं हातांत तुकडा येतो. पन्नास किलोंचें पोतें एकदां सहज पेलणारी फ्रेम त्याहून पुष्कळ लहान धक्के लक्षावधि वेळां बसल्यानें मोडूं शकते. यास धातूचा थकवा असें म्हणतात. ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-इंजिनियरानें १८५० नंतरच्या काळांत आगगाडीच्या आंसांवर प्रयोग करून याचा शास्त्रशुद्ध शोध लाविला. त्याच थकव्यामुळें १९५४ सालीं "कॉमेट" जातीचीं दोन प्रवासी विमानें आकाशांत फुटलीं.

पोलाद व ॲल्युमिनियम यांतील खरा भेद येथें प्रकट होतो. पोलादास एक मर्यादा असते; तिच्या आंतील ताण कितीही वेळां पडला तरी व्यवहारतः तें मोडत नाहीं. ॲल्युमिनियमास अशी मर्यादा नाहीं. ताण कितीही लहान असो, त्याची नोंद कोठें तरी होत राहते, आणि हिशेब केव्हां तरी पुरा होतो. म्हणून चांगला कारागीर ॲल्युमिनियमची फ्रेम गरजेपेक्षां पुष्कळ ताठर करतो, म्हणजे ताणच इतका कमी पडावा कीं आयुष्य स्वाराच्या पिढीस पुरावें. सायकलींसाठीं आयएसओ ४२१० नांवाचें आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यांत फ्रेमवर पेडलच्या जागीं आळीपाळीनें एक लक्ष वेळां दाब देऊन ती टिकते कीं नाहीं हें पाहतात. ही परीक्षा बळाची नव्हे, सहनशीलतेची आहे.

दुरुस्तीचाही भेद आहे. पोलादी फ्रेम चिरली तर तालुक्याच्या गांवचा कारागीर पितळेनें झाळून ती पुनः रस्त्यावर आणतो. सायकलींसाठीं वापरावयाचें ॲल्युमिनियम मात्र ठराविक उष्णता देऊन कठिण केलेलें असतें. कोपऱ्यावरच्या दुकानांत त्यास झाळलें कीं जोडाभोंवतींचा भाग पुनः मऊ पडतो. तो जोड दिसावयास नवा आणि कामास निरुपयोगी. तशी सायकल घाटांत नेणें म्हणजे चालतें संकट हातीं धरणें होय.

वीस सेंटिमीटरांचें मोल

उतरण्याच्या खऱ्या सायकलीस पुढें व मागें दोन्हीकडे शॉकॲबसॉर्बर असतात, आणि चाक सुमारें २० सेंटिमीटर वर सरकूं शकतें. ही चैन नव्हे. एक मीटर उंचीच्या खडकावरून सायकल खालीं आली, आणि हातपायांचें लवणें क्षणभर बाजूस ठेविलें, तर केवळ टायर दबून दोन सेंटिमीटरांत ती थांबल्यास सरासरी धक्का वजनाच्या सुमारें पन्नासपट बसतो. तीच वीस सेंटिमीटरांत हळूहळू थांबली तर सुमारें सहापट. अंगणांत मूल उडी मारतांना गुडघे वांकवितें त्यांतलें हेंच मर्म आहे. मागचा त्रिकोण सांध्यावर हलता ठेवावयाचा म्हणजे त्या सांध्यांस, त्यांच्या बेअरिंगांस व स्प्रिंगेस जागा हवी, आणि जेथें जेथें सांधा तेथें तेथें अधिक धातु हवा. उतरणारी सायकल पंधरा किलोंच्या खालीं सहसा कां येत नाहीं याचें उत्तर येथें आहे.

आतां बाजारांत ज्या गिअरच्या सायकली थोडक्या किमतींत मिळतात त्यांकडे पहावें. आकार डोंगरी, टायर रुंद, पुढें स्प्रिंग. परंतु ती स्प्रिंग जेमतेम दोनतीन बोटें दबते आणि परत उसळतांना तिला आवर नसतो. स्प्रिंगेचें वजन वाढलें, तें भरून काढण्यास किंवा किंमत राखण्यास फ्रेमची नळी सामान्य प्रतीची घेतली. अमेरिकेंतील एका मानकांत सायकलींचे उपयोगाप्रमाणें वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग डांबरी रस्त्याचा. दुसऱ्यांत कच्च्या रस्त्याची मुभा. तिसऱ्यांत ६१ सेंटिमीटरांपर्यंत उडी. चौथ्यांत १२२ सेंटिमीटरांपर्यंत. आणि त्याहून मोठी उडी व ताशीं ४० किलोमीटरांवरचा उतार हा पांचवा वर्ग. स्वस्त सायकलीचें रूप पांचव्या वर्गाचें आणि बळ पहिल्या-दुसऱ्या वर्गाचें असतें. सिंहाचें कातडें पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे.

माझ्या पाहण्यांतील एक हकीकत सांगतों. परिचयाच्या एका घरीं बारावींतील मुलास अशीच एक चकचकीत सायकल घेऊन दिली होती. पंधरासोळा महिने तो तीवरून घाट उतरे, वाटेंतील उंचवट्यांवरून उड्या मारी. एके दिवशीं वळणावर ब्रेक दाबतांच खालची तिरपी नळी हॅंडलच्या जोडाशीं तुटली, वरची दांडी मुरडली, आणि मुलगा पालथा पडला. गळ्याचें हाड मोडलें. डोक्यास शिरस्त्राण होतें म्हणून तेवढ्यावर निभावलें. दुसऱ्या दिवशीं ती मोडकी फ्रेम मीं हातीं घेऊन पाहिली. तुटलेल्या नळीच्या कडेचा निम्म्याहून अधिक भाग गंजून तांबूस झाला होता, उरलेला भाग नव्या रुपयासारखा चकाकत होता. याचा अर्थ उघड आहे. चकाकणारा भाग त्या दिवशीं तुटला. तांबूस भाग कित्येक दिवस आधींच फांटला होता, आणि त्यांत पावसाचें पाणी जात होतें. सायकल अकस्मात् मोडली असें घरचे सर्व म्हणत होते. परंतु फ्रेम आपली व्यथा फार दिवस सांगत होती, ती वाचणारा कोणी नव्हता.

घरच्यांनीं काय पहावें

तेव्हां वाचक बंधुभगिनींनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या अशी विनंति आहे.

सायकल कोणत्या कामासाठीं हवी हें आधीं ठरवावें, दुकानांत नंतर जावें. शाळा, बाजार, शेत यांसाठीं पोलादी फ्रेमची साधी सायकल आजही उत्तम. ओझें वाहावयाचें तर "डबल बार". डांबरी रस्त्यानें लांबचा पल्ला मारावयाचा असेल तर हलकी सायकल सार्थ होय. नाशिकचे महाजन बंधु, दोघेही डॉक्टर, यांनीं २०१५ सालीं अमेरिका आरपार ओलांडण्याची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघानें पुरी केली, आणि २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं ती एकट्यानें पुरी केली. अशा ठिकाणीं प्रत्येक ग्रॅमचें मोल आहे. परंतु खडकाळ उतारावर उड्या मारावयाच्या असतील तर त्या कामाचीच सायकल हवी. ती परवडत नसेल तर उड्या सोडाव्या, उतार शांतपणें उतरावा. मधला मार्ग नाहीं.

महिन्यांतून एकदां सायकल ओल्या फडक्यानें पुसून उन्हांत उभी करावी आणि सर्व जोड निरखून पहावे. हॅंडलपाशीं खालच्या नळीचा तळ, पेडलच्या बीबीभोंवतालचा भाग आणि मागच्या चाकाचे सांधे हीं तीन स्थानें मुख्य. रंगावर केसासारखी रेघ, रंगाचा फुगवटा, गंजाचा ओघळ किंवा नळीस सुरकुती दिसली तर सायकल त्याच दिवशीं बाजूस ठेवावी. पेडल मारतांना पूर्वीं नव्हता असा करकर आवाज येऊं लागला तर तेंही एक लक्षण समजावें. कार्बनची फ्रेम आपटली असेल तर नाण्यानें हळूहळू टिचकी मारीत जावें. खणखणीत आवाज मध्येंच बद्द झाला तर आंत घाव आहे असा संशय धरून जाणकारास दाखवावी.

घाट उतरण्यापूर्वीं ब्रेकचे रबर पहावें. उतारावर ब्रेक सतत दाबून धरूं नये. थोडा दाबावा, थोडा सोडावा, आणि दोन्ही ब्रेक मिळून वापरावे. पावसांत लोखंडी रिमवर ब्रेक फारच कमी लागतो. त्या दिवसांत तीव्र उतारावर खालीं उतरून चालणें यांत कमीपणा नाहीं. अभयारण्याच्या हद्दींत रस्ता सोडून रानांत शिरूं नये. २०१९ सालीं टिपेश्वरहून हजाराहून अधिक किलोमीटर चालून एक वाघ ज्ञानगंगेच्या रानांत आला होता, हें येथील लोकांस सांगावयास नको. आणि शिरस्त्राण नित्य असावें.

शेवटीं आणखी एक गोष्ट. मानव विकास कार्यक्रमाखालीं महाराष्ट्रांतील मागासलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावींच्या मुलींस शाळेंत जाण्यासाठीं सायकली देण्यांत येतात. या सायकलींस मधली दांडी नसते, किंवा ती खालीं वळविलेली असते. पोषाखाच्या सोयीसाठीं तें योग्यच. परंतु वरची भुजा गेल्यानें त्रिकोण पुरा राहत नाहीं, आणि सर्व भार खालच्या नळ्यांवर येतो. म्हणून अशा सायकलीच्या फ्रेमवर अधिक लक्ष ठेवावयास हवें. घरोघरीं मुलाच्या गिअरच्या सायकलीचें कौतुक होतें आणि मुलीच्या सायकलीची चेन कोरडी पडलेली असते. जी मुलगी रोज चारपांच किलोमीटर जाऊनयेऊन विद्या संपादन करते तिच्या सायकलीस महिन्यांतून एकदां तेल आणि चार घटका नजर, एवढें ऋण पालकांनीं फेडलेंच पाहिजे. फ्रेमचें वजन दुकानदार सांगेल. तिचा टिकाऊपणा मात्र घरच्या डोळ्यांनींच राखावा लागतो.